समतोल म्हणजे समता नव्हे

१

खेळांच्या नियमपुस्तकांची समीक्षा या पानांवर कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देतो. नियमपुस्तक हाही एक ग्रंथच असतो. कादंबरी वाचणारा वाचक लेखकाची मूल्यव्यवस्था फार तर मान्य किंवा अमान्य करतो. नियमपुस्तक वाचणाऱ्याला ती पाळावी लागते. ती पाळली नाही तर त्याला डावात बसता येत नाही. म्हणून ज्या ग्रंथाने ‘कोण किती वर चढू शकतो’ याचे कोष्टक छापले आहे, त्या ग्रंथाकडे ‘पोरखेळ’ म्हणून पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही. कोष्टकांनी माणसांचे काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मी ज्या खेळांविषयी लिहितो आहे ते टेबलाभोवती बसून खेळायचे रोलप्लेइंग खेळ आहेत. चारपाच जण एकत्र बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. जग, गावे, शत्रू, संकटे तो मांडतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. कागदावर त्या पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई असे गुण आकड्यांत लिहिलेले असतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकतात. विद्यार्थ्यांबरोबर मी हे खेळ अनेक वर्षे खेळलो आहे, सूत्रधारही झालो आहे. तरी हा लेख त्या अनुभवाचा नाही, नियमांचा आहे.

या खेळांचा आरंभ अमेरिकेत झाला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पहिला छापील खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथून प्रसिद्ध केला. तीन लहान पुस्तिका, एका पेटीत. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. त्यामागे युद्धखेळांची जुनी परंपरा होती. प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात घडवलेल्या ‘क्रीगस्पील’पर्यंत ती मागे जाते. विसाव्या शतकातील छंदाच्या युद्धखेळांत दोन्ही बाजूंना सारख्या किमतीच्या फौजा देण्याची रीत होती. घोडेस्वाराची किंमत इतकी, तिरंदाजाची इतकी, आणि दोन्ही फौजांची बेरीज सारखी. ‘समतोल’ ही कल्पना तिथून आली.

परंतु या नव्या खेळात टेबलाभोवती बसलेली माणसे एकमेकांचे शत्रू नव्हती. ती सोबती होती. शत्रूंमध्ये वापरायची तागडी सोबत्यांमध्ये आणली गेली, आणि तेव्हापासून गेली पन्नास वर्षे या खेळांच्या जगात एकच वाद चालू आहे: पात्रांमध्ये समतोल हवा की नको? हवा असेल तर कसला? माझे म्हणणे असे की या वादात ‘समतोल’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी लपवल्या जातात. कधी त्याचा अर्थ आरंभ सारखा असा असतो. कधी हिशेब शेवटी सारखा होईल असे आश्वासन असते. आणि कधी टेबलावर प्रत्येकाचा शब्द सारखा मोलाचा असावा, अशी मागणी असते. पहिल्या दोन गोष्टी आकड्यांच्या आहेत. तिसरी माणसांची आहे. तिसरीलाच मी समता म्हणतो.

२

१९७४ च्या पुस्तिकांत पात्राचे गुण ठरवायची पद्धत साधी होती. तीन फासे टाकायचे आणि येईल ती बेरीज क्रमाने लिहून घ्यायची. तीन फाशांच्या २१६ शक्यता. त्यांतली एकच अठराची. कुणाला पाच मिळत, कुणाला सोळा. या पद्धतीचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. फासा कुणाचे नाव विचारत नाही. शिवाय त्या पहिल्या पुस्तिकांत या गुणांचे परिणामही बेताचेच होते. पुढे १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीपासून मोठ्या आकड्यांचे फायदे वाढत गेले आणि फाशाने दिलेले दान आयुष्यभराचे होऊन बसले.

समतोल साधण्याचा खरा प्रयत्न दुसरीकडे होता: पेशांमध्ये. जादूगार आणि लढवय्या यांच्यात. पहिल्या पायरीवरचा जादूगार अगदी दुबळा. एका दिवसात एकच मंत्र, आणि तो संपला की हातात सुरा. दुसरी पायरी गाठायला लढवय्याला दोन हजार अनुभवगुण लागत, जादूगाराला अडीच हजार. पण वरच्या पायऱ्यांवर चित्र उलटे होई. लढवय्या पायरीगणिक थोडाथोडा वाढे. जादूगाराचे मंत्र संख्येनेही वाढत आणि सामर्थ्यानेही वाढत. लढवय्या एका शत्रूशी झुंजत असे, तेव्हा जादूगार अख्खी तुकडी जाळून मोकळा होई. याचे समर्थन असे केले गेले की, ज्याने आधी सोसले त्याला नंतर मिळाले, आणि ज्याने आधी मिरवले त्याने नंतर मागे बसावे. एकूण हिशेब सारखा.

‘आज सोस, उद्या मिळेल’ हा न्याय आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यातली खोट कुठे आहे ती पाहा. हा हिशेब जुळायचा असेल तर खेळ पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सलग, त्याच माणसांनी, त्याच पात्रांसह खेळला पाहिजे. प्रत्यक्षात टेबले मोडतात. कुणाची परीक्षा येते, कुणाची बदली होते. जो डाव पाचव्या पायरीला थांबला त्यातल्या जादूगाराला त्याची थकबाकी कधीच मिळाली नाही. जो डाव दहाव्या पायरीला सुरू झाला त्यातल्या जादूगाराने काहीच सोसले नाही, आणि त्यातला लढवय्या आरंभापासूनच दुसऱ्याच्या सोयीसाठी दार अडवून उभा राहिला. माझ्यासमोरच्या एका टेबलावर बाराव्या पायरीवरचा लढवय्या खेळणारा विद्यार्थी तासन्‌तास बसून असे. त्याला बोलण्याची मनाई कुणी केलेली नव्हती, पण त्याने काही बोलण्याची गरजही कुणाला उरली नव्हती. कागदावर त्याचे आकडे मोठे होते. टेबलावर तो नव्हता.

म्हणून काळावर ढकललेला समतोल हा समतोलच नव्हे. प्रत्येक बैठक कुणाच्या तरी आयुष्यातली एक संध्याकाळ असते. त्या संध्याकाळी जो बाजूला पडला, त्याला पुढल्या वर्षाचे वचन देऊन काय उपयोग?

३

आता जन्माच्या कोष्टकाकडे येतो.

या खेळांत पात्राला ‘वंश’ निवडावा लागे. मानव, बुटका ड्वॉर्फ, दीर्घायुषी एल्फ, छोटा हाफलिंग वगैरे. १९७४ च्या नियमांनुसार मानवाला चढण्यास मर्यादा नव्हती. ड्वॉर्फ लढवय्या म्हणून सहाव्या पायरीपर्यंतच जाऊ शके. हाफलिंगची (पहिल्या छपाईत त्याचे नाव हॉबिट होते) सीमा चौथी पायरी. एल्फ लढवय्या म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या पायरीवर थांबे. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ही कोष्टके अधिक तपशीलवार झाली. त्यात ‘हाफ-ऑर्क’ हा नवा वंश आला: एक पालक मानव, दुसरा ऑर्क नावाच्या शत्रुजातीचा. हा हाफ-ऑर्क धर्मगुरू झाला तर चौथ्या पायरीवर थांबणार, चोर झाला तर आठव्या, लढवय्या झाला तर दहाव्या. त्याला सीमा नसलेला पेशा एकच होता: मारेकऱ्याचा. मानवेतर बाकीच्या वंशांना चोरीची वाट मात्र अमर्याद मोकळी होती. जन्म पाहून काहींसाठी एकच धंदा मोकळा ठेवणारा कायदा कसा असतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

१९८१ च्या ‘बेसिक’ नियमावलीत तर ही गोष्ट अगदी उघडी झाली. मानवाने लढवय्या, धर्मगुरू, जादूगार किंवा चोर यांपैकी काहीही व्हावे. ड्वॉर्फचा पेशा मात्र ‘ड्वॉर्फ’. एल्फचा पेशा ‘एल्फ’. हाफलिंगचा पेशा ‘हाफलिंग’. मानवाला व्यवसाय निवडता येतो आणि इतरांचा जन्म हाच त्यांचा व्यवसाय असतो. सीमाही ठरलेल्या: ड्वॉर्फ बारा, एल्फ दहा, हाफलिंग आठ.

या सर्वांचे समर्थन समतोलाच्या नावाने झाले, आणि ते समर्थन प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. मानवेतर पात्रांना अंधारात दिसे, काहींना विषाचा किंवा जादूचा त्रास कमी होई, काहींना एकाच वेळी दोन पेशे करता येत. या फायद्यांची किंमत म्हणून वरची सीमा. हा युक्तिवाद वरवर पटतो. पण तागडीत घालून पाहा. फायदा पहिल्या दिवशी मिळतो आणि दंड वर्षानंतर भरावा लागतो. जो थोडे दिवस खेळला त्याने दंड भरलाच नाही. जो निष्ठेने वर्षानुवर्षे खेळला त्याने सगळा भरला. एकाच नियमाखाली एकाला फुकट माल आणि दुसऱ्याची आयुष्यभराची वाढ बंद. याला वजन करणे म्हणत नाहीत.

खरे कारण गायगॅक्सनेच १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये सांगून टाकले आहे. खेळाचे जग मानवकेंद्री असावे असा त्याचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्याने कारणेही दिली आहेत. इतर वंश निर्वेध वाढू दिले तर त्या जगात मानवांचे वर्चस्व का, याचा खुलासा करता येईना. म्हणून त्यांच्या वाढीला छत घालायचे. म्हणजे हा समतोल टेबलाभोवतीच्या खेळाडूंमधला नव्हताच. एका समूहाचे वर्चस्व टिकवण्याच्या व्यवस्थेला समतोल हे नाव मिळाले होते. किंमत कोणी भरली? ज्या खेळाडूला छोट्या हाफलिंगचे पात्र आवडले, त्याने.

आणि त्याच १९७८ च्या पुस्तकातील बळाचे कोष्टक. मानवी पुरुषाच्या बळाची कमाल मर्यादा १८/००, म्हणजे अठराच्या वरच्या शंभर उपपायऱ्यांपैकी शेवटची. मानवी स्त्रीची १८/५०. हाफलिंग पुरुष सतरा, स्त्री चौदा. वंशांच्या सीमांसाठी निदान दुसऱ्या पारड्यात काही तरी टाकलेले होते. इथे दुसरे पारडे रिकामे आहे. स्त्री पात्राला बदल्यात काहीही नाही. ज्या जगात अजगर आग ओकतात, मेलेली माणसे मंत्राने उठतात, त्या जगात स्त्रीच्या मनगटाच्या बाबतीतच लेखकाला वास्तवाची आठवण झाली. कल्पनेला सगळी दारे मोकळी सोडून नेमके एकच दार बंद करायचे, यात त्या कल्पनेचा मालक कोण हे दिसते.

पुढे काय झाले? स्त्रियांवरची बळाची मर्यादा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली. वंशांच्या पायऱ्यांची छते २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गेली. ती आवृत्ती टी.एस.आर. कंपनी १९९७ मध्ये विकत घेणाऱ्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने काढली. जग कोसळले नाही. मानव पात्रे नाहीशी झाली नाहीत. तिसऱ्या आवृत्तीने काय केले तर मानवाला एक जादा कौशल्य आणि शिकण्याचे जादा गुण दिले. म्हणजे जो हेतू साधण्यासाठी पंचवीस वर्षे इतरांना दाबून ठेवले होते, तो कुणालाही न दाबता साधता येत होता. छत घालणे ही कधीच गरज नव्हती. ती सवय होती.

४

जन्माची छते गेली, तरी तागडी राहिली. १९८० च्या दशकात या खेळांत दुसरी एक पद्धत रुजली, आणि ती मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. फासे नकोत, नशीब नको. प्रत्येक खेळाडूला सारखेच गुण द्या आणि त्यातून त्याने पात्र विकत घ्यावे. १९८१ चा ‘चॅम्पियन्स’ हा या पद्धतीचा ठळक नमुना. १९८६ मध्ये स्टीव्ह जॅक्सन यांचा ‘गर्प्स’ आला आणि ती पद्धत सर्वदूर पोचली. बळ हवे, इतके गुण मोजा. बुद्धी हवी, इतके मोजा. आणि जास्त गुण हवे असतील तर पात्राला उणिवा जोडा. उणिवेचे गुण परत मिळतात. आंधळेपणा, व्यसन, शत्रू, आणि गरिबी सुद्धा.

‘गर्प्स’च्या तिसऱ्या आवृत्तीत कफल्लक असण्याचे पंचवीस गुण परत मिळतात, अतिश्रीमंत असायचे तर पन्नास मोजावे लागतात. त्याच यादीत ‘सामाजिक कलंक’ ही एक उणीव आहे. समाज ज्याला हीन समजतो अशा गटात जन्म. दुय्यम नागरिकत्व: उणे पाच. तिरस्कृत अल्पसंख्य: उणे दहा.

मी हे पान प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. इथे लेखकांवर दुष्टपणाचा आरोप मला करायचा नाही. उलट त्यांनी एक गोष्ट मान्य केली आहे जी पुष्कळ सभ्य ग्रंथ मान्य करत नाहीत: कलंक हा माणसाच्या गुणात नसतो, समाजाच्या वागणुकीत असतो, आणि तो माणसाचे नुकसान करतो. या जातीच्या खेळांत असाही दंडक आहे की जी उणीव प्रत्यक्ष नडत नाही तिचे गुण मिळू नयेत. म्हणजे गुण घेतले तर सूत्रधाराने तो कलंक टेबलावर आणलाच पाहिजे. दारातून परत पाठवणारा पहारेकरी, पाणी न देणारा दुकानदार. तेवढ्यापुरते हे पुस्तक सत्याच्या जवळ आहे.

पण त्याचा हिशेब असत्य आहे. अपमानाचे दहा गुण मिळाले, त्यांतून दहा गुणांची चपळाई घेतली, बेरीज शून्य. खेळात हे शक्य आहे, कारण इथे खेळाडू दोन्ही पारडी स्वतःच्या हाताने भरतो आणि खेळ संपल्यावर घरी जातो. जगात कलंकाची भरपाई दुसऱ्या पारड्यात आपोआप पडत नाही. भूक लागली म्हणून बुद्धी वाढत नाही. तरीही भरपाईची ही कल्पना फार जुनी आणि फार लाडकी आहे. ‘गरीब पण समाधानी’, ‘अडाणी पण काटक’, ‘काळा पण प्रामाणिक’: आपल्याकडील मध्यमवर्गीय कथेने वर्षानुवर्षे ज्या ‘पण’वर आपली करुणा पोसली, तोच हा ‘पण’. निसर्गाने एका हाताने काढून घेतले ते दुसऱ्या हाताने दिले आहे, तेव्हा कुणाचे काही देणे उरत नाही, असा तो दिलासा असतो. दिलासा देणाऱ्यालाच तो मिळतो.

आता हीच तागडी उलटी करून पाहा म्हणजे तिचा दुसरा दोष दिसेल. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत हाफ-ऑर्कला बळात अधिक दोन, बुद्धीत उणे दोन आणि प्रभावात उणे दोन होते. एका अधिकाला दोन उणे का? लढाईप्रधान खेळात बळ जास्त कामाला येते, म्हणून रचनाकारांनी त्याचा भाव जास्त धरला. हिशेब म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण हिशेबाने निर्माण काय केले? एक अख्खा समूह, जो बळकट आहे आणि म्हणून मठ्ठ आहे. कुणी द्वेषाने तसे लिहिले नसेल. गुणाची किंमत अवगुणाने मोजायची असे एकदा ठरले की व्यंगचित्र गणितातूनच जन्माला येते. बळ दिले, बुद्धी काप. देखणेपण दिले, काटकपणा काप. तागडीच्या काट्याला पूर्ण माणूस दिसत नाही. त्याला दोन पारड्यांत वाटलेला माणूस लागतो.

म्हणून समतोलाच्या प्रत्येक कोष्टकाला पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे: माप कोणते आणि ते कोणी ठरवले? ज्या खेळात दर बैठकीला तलवारी चालतात तिथे बळ महाग आणि वाणी स्वस्त. ज्या टेबलावर दरबार आणि वाटाघाटी जास्त तिथे तोच भाव उलटतो. नियमपुस्तकातील किंमत ही वस्तूची किंमत नसून लेखकाच्या नजरेसमोर असलेल्या जगाची किंमत असते. गुणवत्तेच्या सर्व तागड्यांची हीच गोष्ट आहे.

५

या वादातील सर्वांत बोलके प्रकरण २००८ चे आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीने जादूगार आणि लढवय्या यांच्यातील जुने अंतर मिटवायचे ठरवले. सर्व पेशांना एकाच साच्याची ताकद दिली: काही शक्ती हव्या तेव्हा वापरायच्या, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. प्रथमच लढवय्याच्या हाती तलवार फिरवण्यापलीकडे स्वतःचे असे डावपेच आले. आकड्यांच्या दृष्टीने आरंभापासून शेवटपर्यंत इतका समतोल त्या खेळाने पूर्वी पाहिला नव्हता.

आणि असंख्य जुने खेळाडू संतापले. सगळे पेशे सारखेच वाटतात, जादूची जादू गेली, अशी तक्रार झाली. २००९ मध्ये ‘पायझो’ कंपनीने जुन्या नियमांवर बेतलेला ‘पाथफाइंडर’ काढला आणि नाराजांचा मोठा वर्ग तिकडे गेला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तो साचा सोडून दिला.

या प्रकरणातून एक निष्कर्ष काढला जातो तो असा: समता आणली की विविधता मरते, रंगत हवी तर थोडी विषमता चालवून घ्या. हा निष्कर्ष खेळाबाहेरही फार ऐकू येतो, म्हणून त्याचा समाचार घेतला पाहिजे. चौथ्या आवृत्तीने सगळ्यांना एकसारखी चौकट दिली. एकसारखेपणा आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वांना एकाच मापाचा अंगरखा शिवला आणि तो कुणालाच नीट बसला नाही, तर दोष अंगरख्याचा. सर्वांना कपडा मिळावा या मागणीचा नव्हे. तक्रारीतला अर्धा भाग खरा होता: साचेबंदपणाचा. उरलेला अर्धा भाग तपासून पाहावा असा आहे. ‘जादूची जादू गेली’ असे म्हणणाऱ्यांत जादूगार खेळण्याची सवय असलेले किती आणि लढवय्या खेळणारे किती, हे कुणी मोजले आहे असे मला दिसले नाही. ज्याचे आसन खाली आले त्याला सपाटी नेहमीच कंटाळवाणी वाटते.

त्यानंतरची वाटचालही पाहण्याजोगी आहे. २०१४ च्या मूळ पुस्तकात वंशांना उणे गुण उरले नाहीत. तरी २०१६ च्या एका पुरवणीत ऑर्क पात्राला बुद्धीत उणे दोन पुन्हा आले आणि २०२० मध्ये ते काढावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या पुस्तकाने वंशाने मिळणारे अधिक गुण खेळाडूने हवे तिथे लावावेत अशी मुभा दिली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘वंश’ हा शब्दच सोडून देण्याचे प्रकाशकांनी जाहीर केले. २०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये गुणांची वाढ जन्मापासून तोडून पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे आधीच्या व्यवसायाला जोडली आहे.

हे पाऊल पुढचेच आहे. पण त्या नव्या यादीत काय आहे? ‘सरदार’ पूर्वायुष्य असलेल्या पात्राला बळ, बुद्धी आणि प्रभाव यांत वाढ करता येते. ‘शेतकरी’ पूर्वायुष्य असलेल्याला बळ, काटकपणा आणि शहाणपण यांत. शेतकऱ्याच्या वाट्याला शहाणपण आले याचा आनंद आहे. पण बुद्धी आणि प्रभाव वाड्यातच राहिले. जन्म काढला आणि त्याच्या जागी व्यवसाय बसवला; कोष्टक तेच, डाव्या रकान्याचे नाव बदलले. नवे पूर्वायुष्य बनवण्याची सोय सूत्रधाराला आहे, हे खरे. तरी पुस्तक न बदलता खेळणाऱ्याच्या हाती पडते ते छापील कोष्टक, आणि त्यात नांगर धरणाऱ्या हाताला पुस्तक मिळत नाही.

६

मग दुसरी वाट आहे की नाही? आहे, आणि ती नवीही नाही. १९८७ साली जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी ‘आर्स मॅजिका’ हा खेळ काढला. मध्ययुगीन युरोपातील जादूगारांचा हा खेळ. त्यात पात्रे उघडउघड विषम आहेत. जादूगार सर्वांत समर्थ, त्याचे सोबती मध्यम, आणि पहारेकरी-नोकर सामान्य. विषमता लपवलेली नाही की तिला समतोलाचे नाव दिलेले नाही. पण प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार आणि एक सोबती असतो, आणि नोकर-पहारेकरी सर्वांचे सामाईक असतात. या गोष्टीत माझा जादूगार पुढे, पुढच्या गोष्टीत तुझा. आज मी मशाल धरीन, उद्या तू. सूत्रधाराची गादीसुद्धा फिरती ठेवण्याची कल्पना त्यात आहे. याच ट्वीट यांनी पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या रचनेत प्रमुख भाग घेतला, ही मौजेची गोष्ट आहे.

इथे पात्रे समान नाहीत, माणसे समान आहेत. आणि हे घडते ते आकडे जुळवून नव्हे, जागा फिरत्या ठेवून. कुणाचाही जन्म मशाल धरण्यासाठी झालेला नाही, एवढे एकच तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. २००२ च्या ‘बफी’ खेळाने आणखी एक उपाय केला. नायक पात्रे समर्थ ठेवली, साधी पात्रे साधी ठेवली, परंतु कथेला वळण देण्याचे गुण नायकाला दहा आणि साध्या पात्राला वीस दिले. ज्याच्या मनगटात बळ कमी, त्याच्या शब्दाला वजन जास्त. याला कुणी सवलत म्हणेल. मी त्याला गोष्टीतला वाटा म्हणेन.

आपल्या अंगणातल्या खेळात लहान पोराला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेत. तो बाद होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे. वरकरणी ही दया. पण त्याने कितीही जोरात धाव घेतली तरी ती मोजली जात नसे. लिंबूटिंबूला डावात जागा असते, हिशेबात नसते. खेळरचनाकारांनी दुबळ्या पात्राला दिलेली पुष्कळशी भरपाई या जातीची आहे: मरू नये म्हणून थोडे कवच, रडू नये म्हणून एखादी गंमत. मागणी त्याची नाही. आपल्या धावेने डावाचा निकाल बदलावा, एवढीच मागणी आहे.

आणि ही मागणी नियम लिहिणाऱ्याच्या खुर्चीपर्यंत गेली पाहिजे. याची एक खूण अलीकडे दिसली. २०२२ साली विझर्ड्सने काढलेल्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या कथानकसंग्रहात कोलकात्यात जन्मलेल्या दलित लेखिका मिमी मंडल यांचे एक कथानक आहे, बंगालच्या नद्यांच्या प्रदेशावरून सुचलेल्या शंखभूमीत घडणारे. एका कथानकाने कोष्टके बदलत नाहीत. तरी ज्या जगाचा नकाशा लेक जिनिव्हाच्या एका खोलीत आखला गेला, त्यात आपल्या मातीतल्या लेखणीने एक प्रदेश घातला, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. माप बदलायचे तर मापारी बदलावा लागतो.

तेव्हा माझे या खेळांच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना सांगणे थोडके आहे. कुणी ‘समतोला’चा नियम पुढे केला की तीन प्रश्न विचारा. पारड्यात कोण बसले आहे: पात्र, खेळाडू की एखाद्या समूहाचे वर्चस्व? किंमत केव्हा वसूल होणार आणि कोणाकडून? आणि बैठक संपेपर्यंत टेबलाभोवतीच्या प्रत्येकाच्या शब्दाने गोष्ट एकदा तरी वळली का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नियमपुस्तकात सापडतील. तिसऱ्याचे उत्तर टेबलावर शोधावे लागेल, आणि ते नकारार्थी आले तर कोष्टक कितीही बिनचूक असो, ते फाडून नवे लिहिण्याचा अधिकार खेळणाऱ्यांचा आहे. हे नियम कुठल्या देवाने दिलेले नाहीत. माणसांनी १९७४ साली लिहिले, १९८९ मध्ये खोडले, २००० मध्ये पुन्हा लिहिले. जे लिहिले गेले आहे ते खोडता येते, हे ज्या खेळाने इतक्या उघडपणे दाखवले, त्या खेळाला पोरखेळ कसे म्हणायचे?